धुंदलवाडीच्या धक्क्यांच्या मूळ नोंदी खुल्या करा

प्रति,
मा. संचालक,
राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्र, पृथ्वी विज्ञान मंत्रालय,
लोदी रोड, नवी दिल्ली

महोदय,



मी डहाणूतल्या मसोलीत राहतो आणि अकरावी-बारावीच्या मुलांना गणित शिकवतो. पत्र लांबणार आहे, म्हणून मागणी आधीच सांगून टाकतो. नोव्हेंबर 2018 पासून डहाणू आणि तलासरी तालुक्यांत जी धक्क्यांची मालिका सुरू झाली, ती आपल्या केंद्राच्या आणि हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेच्या यंत्रांनी जवळून टिपली. त्या यंत्रांच्या मूळ नोंदी, म्हणजे सेकंदासेकंदाला जमीन किती हलली त्याचे आकडे, कोणालाही अर्ज-विनंतीशिवाय उतरवून घेता येतील अशा ठेवाव्यात. भूकंपांची यादी आपल्या संकेतस्थळावर आहेच. मी यादीमागच्या नोंदींबद्दल बोलतो आहे.

आपल्याला त्या दिवसांची माहिती आमच्यापेक्षा जास्त असेल, पण हे पत्र इतरही वाचणार, म्हणून थोडक्यात. धुंदलवाडी, हळदपाडा, चिंचले, दापचरी या पट्ट्यात धक्के बसू लागले तेव्हा पहिले काही दिवस लोकांना वाटलं, कुठेतरी खाणीत सुरुंग उडाला. आधी आवाज यायचा, मग पत्रा थरथरायचा. नंतर एकाच दिवसात अनेकदा व्हायला लागलं. 1 फेब्रुवारी 2019 रोजी दिवसभर धक्के बसत राहिले, त्यातला मोठा 4.1 तीव्रतेचा होता, आणि घाबरून पळताना पडून दोन वर्षांची एक मुलगी दगावली. कडाक्याच्या थंडीत माणसं तंबूत झोपली, शाळा तंबूत भरल्या. कारवीच्या कुडाच्या भिंती हलल्या आणि पुन्हा जागेवर आल्या. घरकुलाच्या विटांच्या भिंतींना मात्र तिरप्या भेगा गेल्या. ज्यांनी नुकतंच पक्कं घर बांधलं होतं तेच आधी बाहेर झोपायला आले, हे मी पाहिलेलं आहे. मसोलीला आम्हाला हादरा जाणवायचा, पण तिकडच्यासारखा आवाज नाही.

त्या काळात प्रत्येकाकडे एक कारण होतं. कोणी कुर्झे धरणाकडे बोट दाखवायचं, कोणी सूर्या प्रकल्पाकडे, कोणी बुलेट ट्रेनच्या कामाकडे, कोणी तारापूरच्या अणुवीज केंद्राकडे. जाणकारांनी पावसाचं पाणी भेगांतून खाली मुरून खडकातला दाब वाढतो, अशी शक्यता सांगितली. पुढे शोधनिबंध निघाले, ते इंग्रजी नियतकालिकांत. ज्यांच्या अंगणाखाली हे घडलं त्यांच्यापर्यंत त्यातलं जे पोहोचलं ते एवढंच: तारीख, वेळ, अक्षांश, रेखांश, खोली, तीव्रता.

या सहा रकान्यांतल्या खोलीच्या रकान्याशी जरा थांबतो. यादी चाळली की कित्येक ओळींत खोली नेमकी 5 किंवा नेमकी 10 किलोमीटर दिसते. गावातला माणूस ते वाचून म्हणतो, ‘पाच किलोमीटर खाली काहीतरी आहे, रोज तिथूनच येतं.’ मुलांनीही मला हेच विचारलं. खरी गोष्ट अशी की जवळ पुरेशी यंत्रं नसली तर खोली गणितातून नीट सुटत नाही, आणि मग संगणकाला एक आकडा गृहीत धरायला सांगावं लागतं. जगभर हीच रीत आहे. अमेरिकेचं भूगर्भ सर्वेक्षण खोली ठरत नसेल तिथे सरसकट 10 किलोमीटर धरतं आणि तसं स्पष्ट सांगतं. यात गैर काही नाही. पण मोजलेला आकडा आणि गृहीत धरलेला आकडा एकाच रकान्यात, एकाच टाइपात छापले की वाचणाऱ्याला फरक कळणार कसा? तो फरक मूळ नोंदी हातात असल्याशिवाय तपासता येत नाही. निदानाची चिठ्ठी रुग्णाला द्यायची आणि एक्स-रे दवाखान्याच्या कपाटात ठेवायचा, असं हे झालं आहे.

आता कोणी म्हणेल, नोंदी देऊन गावातली माणसं करणार काय? दहा-पंधरा वर्षांपूर्वी हा प्रश्न बिनतोड होता. आज नाही, आणि हे पत्र लिहिण्याचं खरं कारण तेच आहे.

भूकंपाची जागा शोधण्याचं गणित जुनं आहे. गटिंगेनच्या लुडविग गायगरने 1910 च्या सुमारास ते मांडलं: एक जागा आणि एक वेळ धरा, तिथून प्रत्येक यंत्रापर्यंत लाट किती वाजता पोहोचायला हवी ते काढा, प्रत्यक्ष वेळेशी ताडून पाहा, फरकांच्या वर्गांची बेरीज कमी होईल तशी जागा सरकवत न्या. बारावीच्या मुलाला कळेल असं आहे. हातानं करायचं म्हटलं तर मात्र जीव जातो. मग फोरट्रान भाषेतला हायपो71 हा प्रोग्राम आला. त्याला मोठा संगणक लागायचा आणि तो चालवणारा माणूस लागायचा. 2000 साली हायपोडीडी आला. त्याने शेजारशेजारच्या धक्क्यांची एकमेकांशी तुलना करून विखुरलेले ठिपके सरळ रेषेत आणले. आधी नुसता ढग दिसायचा तिथे भेगेचं प्रतल दिसू लागलं. तरीही हे सगळं संस्थांच्या भिंतींआडच होतं.

ते चित्र पायथन या संगणकभाषेने बदललं. नमपाय आणि सायपाय या संग्रहांनी आकडेमोड फुकट केली. त्यांच्यावर म्युनिकच्या भूभौतिकी विभागातल्या तरुणांनी भूकंपाच्या नोंदी हाताळणारं ऑब्सपाय उभारलं आणि 2010 मध्ये त्यावरचा निबंध आला. आज जगातल्या अनेक भूकंपशास्त्र विभागांत ते वापरलं जातं. बसवायला पैसे लागत नाहीत; चांगला संगणक नसेल तर ब्राउझरमध्ये, दुसऱ्याच्या संगणकावर चालतं. आमच्याकडे शनिवारी जमणारी मुलं ते असंच चालवतात, आणि नेट गेलं की गप्पा मारतात.

काय करतात तेही सांगतो. प्रोग्रामची पहिली ओळ नोंदीची फाइल उघडते. दुसरी ओळ 2 ते 15 हर्ट्झमधली थरथर ठेवते आणि बाकीचं, समुद्राच्या गाजेसारखं, गाळून टाकते. तिसरी ओळ आलेख काढते. पडद्यावर आधी सपाट रेघ, मग एक बारीक उसळी, आणि थोड्या वेळाने जाड, आडदांड उसळी. पहिली प्राथमिक लहर, दुसरी दुय्यम. पाठ्यपुस्तकातलं ‘प्राथमिक लहरी सर्वांत वेगवान असतात’ हे वाक्य रिकाम्या जागा भरण्यासाठी पाठ केलेली मुलगी तिथे माउसने दोन खुणा करते. मधलं अंतर आलं दीड सेकंद. आपल्या खडकात पहिली लहर सेकंदाला साधारण 6 किलोमीटर जाते, दुसरी साडेतीन. म्हणजे सेकंदांना आठ-साडेआठने गुणायचं: दीड सेकंद, साधारण 12 किलोमीटर. असे तीन यंत्रांवरचे तीन आकडे आले की कंपास घ्यायचा आणि नकाशावर तीन वर्तुळं काढायची.

ती वर्तुळं एका बिंदूत कधीच मिळत नाहीत. मुलं म्हणतात, ‘सर, चुकलं.’ चुकलेलं नसतं. अंतर तिरकं, जमिनीखालच्या जागेपर्यंतचं असतं, आणि वर्तुळं आपण जमिनीवर काढलेली असतात. वर्तुळं एकमेकांवर किती चढतात त्यावरून खोलीचा अंदाज निघतो. यंत्र धक्क्याच्या अगदी डोक्यावर असेल तर मधलं अंतर थेट खोलीच सांगतं. यादीतली 5 आणि 10 कुठून येतात हे त्यांना मी सांगून कळलं नसतं इतकं या एका तासात कळलं.

फक्त एक अडचण राहते. ही मुलं चिलीतले भूकंप शोधतात. जपानमधले शोधतात. हैदराबादचं एक यंत्र जिओस्कोप या फ्रेंच जाळ्यात आहे, त्याच्या नोंदी मिळतात, तेवढाच काय तो आपल्या देशाचा दिलासा. त्यांच्या स्वतःच्या मामाच्या घराची भिंत ज्याने तडकली तो धक्का त्यांना शोधता येत नाही.

याहून विचित्र गोष्ट आकाशातली. युरोपीय अंतराळ संस्थेचे सेंटिनेल-1 उपग्रह ठरावीक दिवसांनी आपल्या डोक्यावरून जातात आणि रडारची चित्रं घेतात. ती चित्रं जगात कोणालाही फुकट आहेत. ती वाचायचं स्नॅप नावाचं सॉफ्टवेअरही फुकट. दोन तारखांची चित्रं एकावर एक ठेवून जमीन किती खाली-वर झाली ते काढता येतं. म्हणजे धुंदलवाडीच्या जमिनीची 2018-19 मधली हालचाल मसोलीत बसून युरोपच्या पैशाने पाहता येते. आपल्याच तिजोरीतून बसवलेल्या यंत्राने काय टिपलं, ते तसं उघडून पाहता येत नाही.

2018 पासून आणखी एक बदल झाला आहे आणि तो आम्हाला थेट भिडतो. उसळी कुठे सुरू झाली ती खूण पूर्वी माणूस करायचा. आता यंत्रशिक्षणाने शिकवलेले प्रोग्राम ते करतात. स्टॅनफर्डचं फेजनेट 2018 मध्ये आलं, इक्यूट्रान्सफॉर्मर 2020 मध्ये. 2022 मधल्या साइझबेंचने असे प्रोग्राम एका छत्राखाली आणले. अशा साखळी-धक्क्यांत तर यांचा फार उपयोग, कारण माणसाच्या नजरेतून निसटलेले बारीक धक्केही ते पकडतात आणि ठिपक्यांची संख्या कित्येक पटींनी वाढते. पण ते शिकले कशावर? फेजनेट शिकलं उत्तर कॅलिफोर्नियाच्या नोंदींवर, जिथे तज्ज्ञांनी अनेक दशकं हाताने केलेल्या खुणा सर्वांसाठी मोकळ्या होत्या. इटलीने स्वतःचा नोंदसंग्रह खुला केला, तोही शिकवणीत आला. दख्खनच्या बेसॉल्टमधून, इतक्या कमी खोलीवरून, आवाज करत येणारा धक्का कसा दिसतो हे त्या प्रोग्रामना कोणी दाखवणार? उद्या आपलंच केंद्र हे प्रोग्राम वापरील आणि त्यांची नजर कॅलिफोर्नियाची असेल. कोयनेत 1967 पासून आपण जगाला धरणं आणि भूकंप यांचं नातं शिकवत आलो. आता कराडला खास संशोधन केंद्र आहे, खोल विवर खणलं आहे. इतकं टिपणाऱ्या देशाच्या नोंदी जगाच्या शिकवणीत नसाव्यात, हे मला तरी पटत नाही.

आपल्या बाजूने येऊ शकणारे आक्षेप मला माहीत आहेत. पहिला अफवांचा. नोंदी खुल्या केल्या की कोणीतरी व्हॉट्सअॅपवर ‘उद्या पहाटे मोठा येणार’ म्हणून आलेख फिरवील. फिरवील, खरंच. पण 2019 मध्ये एकही आलेख उपलब्ध नसताना अफवा काही थोड्या फिरल्या नाहीत.

अफवेपेक्षा मला खोट्या दिलाशाची जास्त भीती वाटते. इटलीत लाक्विला शहरात 2009 च्या भूकंपाआधी काही महिने अशीच बारीक धक्क्यांची मालिका चालू होती. 31 मार्चला तज्ज्ञांची बैठक झाली. त्याच सुमारास एका अधिकाऱ्याने टीव्हीवर सांगितलं की ऊर्जा थोडी थोडी बाहेर पडते आहे, हे चांगलंच लक्षण. 6 एप्रिलच्या पहाटे 6.3 चा भूकंप झाला, तीनशेहून जास्त माणसं गेली. 2012 मध्ये सहा शास्त्रज्ञ आणि तो अधिकारी यांना सहा-सहा वर्षांच्या शिक्षा झाल्या. 2014 मध्ये अपिलात शास्त्रज्ञ सुटले, अधिकाऱ्याची शिक्षा कमी होऊन कायम राहिली. शास्त्रज्ञांना तुरुंगात घालायला निघालेलं ते पहिलं न्यायालय चुकलंच होतं असं माझं मत आहे. पण ‘थोडी थोडी निघून जाते’ हे वाक्य आमच्याकडेही चहाच्या टपरीपासून व्यासपीठापर्यंत सगळीकडे ऐकू यायचं, आणि ते खोडायला नववीचं गणित पुरतं. तीव्रता एकाने वाढली की ऊर्जा साधारण 32 पट होते. दोनने वाढली की 32 गुणिले 32, म्हणजे सुमारे हजार पट. सहाच्या एका भूकंपाएवढी ऊर्जा बाहेर पडायला चारचे हजार धक्के हवेत. आमच्या मालिकेत चारच्या पुढचे धक्के बोटांवर मोजण्याइतके. किती धक्के कुठल्या तीव्रतेचे, हे मुलांनी स्वतः मोजून फळ्यावर लिहिलं, तर हा दिलासा पुन्हा कोणी त्यांच्या गळी उतरवू शकणार नाही. आणि याचा अर्थ मोठा येणारच असाही होत नाही, हेही त्याच फळ्यावर कळेल.

दुसरा आक्षेप, हौशी लोक चुकीचे निष्कर्ष काढतील. इथे हैतीचं उदाहरण देतो. तिथल्या लोकांनी घरांत, हॉटेलांत रास्पबेरी शेक नावाची तळहाताएवढी स्वस्त यंत्रं बसवून घेतली होती. राष्ट्रीय यंत्रणा लंगडी होती. 14 ऑगस्ट 2021 ला 7.2 चा भूकंप झाला तेव्हा नंतरच्या धक्क्यांचा माग त्या घरगुती यंत्रांनी काढला, आणि त्यावरचा निबंध पुढच्या वर्षी ‘सायन्स’मध्ये आला. यंत्र हौशी माणसाच्या घरात होतं, गणित तज्ज्ञांनी केलं, आणि आकडे दोघांसमोर होते. आमच्याकडे तर उलट सोय आहे: यंत्रं तज्ज्ञांची, उत्तम प्रतीची. फक्त आकडे दोघांसमोर ठेवायचे बाकी आहेत.

चुका होतील हे मान्यच. म्हणून नोंदींबरोबर आपली रीतही द्यावी, ही पुरवणी मागणी. कुठला प्रोग्राम, त्याची कुठली आवृत्ती, लहरींचा वेग किती धरला, खोली कुठे गृहीत धरली. आवृत्तीचा आग्रह कोणाला किरकिर वाटेल. पण जून 2024 मध्ये नमपायची दुसरी मोठी आवृत्ती आली तेव्हा आदल्या दिवशी चालणारे कितीतरी जुने प्रोग्राम अडले, आमचेही अडले. आवृत्ती लिहून ठेवली नसेल तर पाच वर्षांनी आपल्याच केंद्रातल्या नव्या माणसाला 2019 चा निकाल पुन्हा काढता येणार नाही. त्या अर्थाने ही मागणी आमच्यापेक्षा आपल्या सोयीची आहे.

तिसरा आक्षेप संवेदनशीलतेचा. अणुचाचण्यांच्या काळापासून भूकंपाच्या नोंदींबाबत सरकारं हात आखडून असतात, ते समजण्यासारखं आहे. पण काही वर्षांपूर्वीच्या, धुंदलवाडीच्या आसपासच्या 3 तीव्रतेच्या धक्क्यांत देशाचं कुठलं गुपित असणार? उलट तारापूर इथून जवळ आहे, म्हणून तर आम्हाला जास्त जाणून घ्यायचं आहे.

नियम आड येतात असंही नाही. 2012 चं राष्ट्रीय डेटा सामायिकरण आणि सुलभता धोरण सांगतं की सार्वजनिक पैशाने जमवलेली, संवेदनशील नसलेली माहिती खात्याने आपणहून खुली करावी. भाषेची अडचणही आता पूर्वीएवढी नाही. पवईच्या आयआयटीतल्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने सायलॅब, पायथनसारख्या गोष्टींचे धडे मराठीत करून ठेवले आहेत. ते ऐकून शिकलेली मुलं माझ्यासमोर बसतात. त्यातली काही वारली बोलत घरी जातात आणि आईला सांगतात की काल रात्रीचा हादरा आपल्या घरापासून किती लांब होता; निदान सांगू शकतील, आकडे मिळाले तर.

सगळं एकदम नको. फेब्रुवारी 2019 हा एकच महिना आधी द्या, डहाणू-तलासरीतल्या आपल्या तात्पुरत्या यंत्रांचा. मिनीसीड या नेहमीच्या साच्यात, प्रत्येक यंत्राची जागा आणि मोजणीच्या तपशिलाची फाइल सोबत जोडून. जगातल्या यंत्रणा हाच साचा वापरतात, त्यामुळे वेगळं काही करावं लागणार नाही. यंत्र कुणाच्या घरी, कुठल्या शाळेत ठेवलं होतं ते लपवायचं असेल तर जागा शंभर मीटरपर्यंत गोल केली तरी आमचं गणित बिघडत नाही. त्या महिन्यावर आमची मुलं जे काढतील ते मी आपल्याकडे पाठवीन, आवृत्तीसकट. जिथे आपल्या यादीशी जुळणार नाही तिथे आपल्या तज्ज्ञांनी लाल पेन चालवावं.

कळावे,

आपला,
मसोलीतला एक गणित शिक्षक
ता. डहाणू, जि. पालघर